परकी चलनातील खरेदी आणि डेबिट कार्डावरील बँक-आकार

खेड्यापाड्यांतील घरांतून डेबिट कार्ड ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेने, ज्यांनी बँकेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता अशांच्या हातीही रुपे कार्ड दिले. त्याच सुमारास कार्डाचा देशाबाहेरील उपयोगही वाढत गेला. जर्मनीत शिकावयास गेलेला शेतकऱ्याचा मुलगा, मस्कतला नोकरीस असलेल्या लेकीकडे महिनाभर राहावयास गेलेले आईवडील, परदेशी परीक्षेचे शुल्क डॉलरमध्ये भरणारी विद्यार्थिनी, घरबसल्या परदेशी ग्रंथ मागविणारा प्राध्यापक अशी कितीतरी मंडळी आज आपल्या रुपयांच्या खात्यातून परक्या चलनात पैसे चुकते करतात.

खरेदी होते, पावती मिळते. पुढे पासबुक भरून आणल्यावर नावे पडलेली रक्कम मात्र पावतीवरील आकड्याशी जुळत नाही. कधी एका खरेदीच्या तीन नोंदी दिसतात, कधी आठवड्यानंतर आणखी काही रुपये वजा झालेले आढळतात. मग घरातील वडीलधारी माणसे ते पासबुक घेऊन शाळेतील गुरुजींकडे, ग्रामसेवकाकडे किंवा ओळखीच्या पंचायत सदस्याकडे येतात. ‘बँकेने पैसे कापले’ एवढेच त्यांना ठाऊक असते. ही कपात कोणी केली, कशाबद्दल केली आणि ती टाळता आली असती काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतील तोच त्यांचे समाधान करू शकेल.

हुंडणावळ आणि बट्टा

परके नाणे घेताना बट्टा द्यावा लागतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत आणि एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ आपला बट्टा कापून घेई. मराठवाड्यात निजामाचा हाली शिक्का आणि लगतच्या ब्रिटिश मुलखात कलदार रुपया, ही दोन चलनांची व्यवस्था तर पुष्कळ वृद्धांनी आपल्या आईवडिलांच्या तोंडून ऐकली असेल. विनिमय दराला त्या काळी मराठीत ‘हुंडणावळ’ म्हणत. १९२७ च्या कायद्याने एका रुपयास १ शिलिंग ६ पेन्स असा दर ठरला, तेव्हा हुंडणावळीचा प्रश्न वृत्तपत्रांतून हिरिरीने चर्चिला गेला होता.

या जुन्या शब्दांचा येथे उपयोग आहे. हुंडणावळ म्हणजे एका चलनाचा दुसऱ्या चलनातील भाव. बट्टा म्हणजे तो बदल करून देण्याबद्दल मधल्या माणसाने घेतलेले मोल. सराफाच्या पेढीवर या दोन्ही गोष्टी समोरासमोर ठरत. नाणे हाती पडण्यापूर्वीच भाव कळे, आणि तो न पटल्यास शेजारच्या पेढीवर जाता येई. कार्डाच्या व्यवहारात भाव खरेदीनंतर कळतो, आणि भाव व बट्टा पुष्कळदा एकाच आकड्यात मिसळून येतात. खातेदाराचा गोंधळ होतो तो येथेच.

एका खरेदीमागील चौघे

परदेशातील दुकानात कार्ड वापरले की चार पक्षांचा संबंध येतो. पहिला दुकानदार, दुसरी त्याची बँक, तिसरी या दोन देशांतील बँकांना जोडणारी कार्ड-संस्था आणि चौथी आपली बँक. कार्ड-संस्थांपैकी व्हिसा व मास्टरकार्ड या दोन अमेरिकी संस्थांची नावे सर्वपरिचित आहेत. व्हिसाचा उगम १९५८ साली एका अमेरिकी बँकेने काढलेल्या कार्डात आहे. तिला व्हिसा हे नाव १९७६ मध्ये मिळाले. भारताची स्वतःची रुपे ही व्यवस्था राष्ट्रीय भुगतान निगमने २०१२ मध्ये सुरू केली. परदेशी संस्थांशी केलेल्या करारांमुळे तिची आंतरराष्ट्रीय कार्डेही अनेक देशांत चालतात. सर्वच डेबिट कार्डे मात्र परदेशी चालत नाहीत. कित्येक कार्डांवर ती केवळ भारतात वापरावयाची असल्याचा स्पष्ट उल्लेख असतो, आणि तो वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

दुकानदाराला त्याच्या देशाच्या चलनात पैसे हवे असतात, खातेदाराच्या खात्यात रुपये असतात. हा बदल करण्यासाठी कार्ड-संस्था आपला दिवसाचा दर लावते. घाऊक चलनबाजारातील दरांच्या आधारे तो ठरतो आणि संस्था तो जाहीर करते. बँकेच्या खिडकीवर नोटा विकत घेताना जो भाव पडतो त्यापेक्षा हा दर सामान्यतः खातेदाराला पुष्कळ अनुकूल असतो. म्हणजे हुंडणावळीबद्दल फारशी तक्रार करण्याजोगे काही नाही. प्रश्न आहे तो बट्ट्याचा.

शंभर डॉलरचा हिशेब

कार्ड-संस्थेने काढलेल्या रुपयांतील रकमेवर आपली बँक काही टक्के अधिक आकारते. बँकांच्या दरपत्रकात यास ‘मार्क-अप’ किंवा विदेशी चलन व्यवहार शुल्क असे नाव असते. तो बहुधा दोन ते साडेतीन टक्क्यांच्या दरम्यान आढळतो. काही विशेष प्रकारच्या खात्यांवर बँका तो मुळीच घेत नाहीत. या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. कर खरेदीच्या संपूर्ण रकमेवर नसून केवळ बँकेच्या शुल्कावर असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पुष्कळांचा गैरसमज होतो तो याच बाबतीत.

हिशेब सोपा व्हावा म्हणून कार्ड-संस्थेचा दर एका डॉलरला ९० रुपये धरू. शंभर डॉलरच्या खरेदीचे ९,००० रुपये झाले. बँकेचा मार्क-अप साडेतीन टक्के असेल तर ३१५ रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी कर ५६ रुपये ७० पैसे. एकूण ९,३७१ रुपये ७० पैसे खात्यातून जातील. खातेदाराला डॉलर ९० ऐवजी ९३ रुपये ७२ पैशांच्या आसपास पडला. साडेतीन टक्के असे जे छापलेले होते ते करासह प्रत्यक्षात सव्वाचार टक्क्यांच्या जवळ, नेमके सांगावयाचे तर ४.१३ टक्के झाले.

काही बँका ९,३७१ रुपये ७० पैसे ही एकच रक्कम नावे टाकतात. काही बँका खरेदी, शुल्क आणि कर अशा तीन ओळी दाखवितात. तीन ओळी पाहून एकाच वस्तूचे पैसे तीनदा गेल्याचा समज होतो. खरे तर तीन ओळी दाखविणारी पद्धतच खातेदाराच्या अधिक हिताची आहे, कारण तिच्यात काही झाकलेले नसते. पासबुक तपासणाऱ्याने प्रथम मूळ रकमेस पावतीवरील परक्या चलनाच्या आकड्याने भागावे. येणारा दर कार्ड-संस्थेने त्या दिवसासाठी जाहीर केलेल्या दराशी जुळला तर मार्क-अप वेगळा लावलेला आहे; तो तीन-चार टक्क्यांनी अधिक आला तर मार्क-अप आत मिसळलेला आहे. एवढ्या एका भागाकाराने निम्म्याहून अधिक शंका मिटतात.

‘रुपयांत घेऊ काय?’

याहून सावध राहावे असा प्रसंग दुकानाच्या गल्ल्यावर येतो. कार्ड यंत्रात घातले की यंत्राच्या पडद्यावर, किंवा दुकानदाराच्या तोंडून, प्रश्न येतो: रक्कम डॉलरमध्ये घ्यावी की भारतीय रुपयांत? परक्या मुलखात आपल्या रुपयाचे नाव दिसले की माणसाला हायसे वाटते. नेमका आकडा समोर दिसतो, हिशेब लपलेला नाही असे वाटते आणि बोट रुपयांकडे जाते.

रुपये निवडले की चलनबदलाचे काम कार्ड-संस्थेकडून निघून दुकानदाराच्या बाजूस जाते. तेथील दर दुकानदाराची बँक अथवा तिने नेमलेली मध्यस्थ कंपनी ठरविते, त्यात तिचा नफा असतो, आणि त्याचा काही हिस्सा पुष्कळदा दुकानदारालाही मिळतो. दुकानदार इतक्या अगत्याने विचारतो त्याचे कारण हे असे आहे. वरील उदाहरणात दुकानाच्या यंत्राने डॉलरचा भाव ९५ रुपये ४० पैसे लावला असे समजू. शंभर डॉलरचे ९,५४० रुपये झाले. व्यवहार रुपयांत झाल्याने आपल्या बँकेचे शुल्क तरी वाचेल, ही अपेक्षाही नेहमी खरी ठरत नाही. दुकानदार परदेशी असल्यामुळे रुपयांतील अशा व्यवहारावरही काही भारतीय बँका शुल्क घेतात. ते एक टक्का धरले तर ९५ रुपये ४० पैसे आणि त्यावरील कर १७ रुपये १७ पैसे. एकूण ९,६५२ रुपये ५७ पैसे, म्हणजे डॉलर निवडले असते त्यापेक्षा २८० रुपये ८७ पैसे अधिक. सोयीचे मोल एवढे नसते.

युरोपीय संघाने या प्रथेची दखल घेऊन २०१९ साली नियम केला. १९ एप्रिल २०२० पासून तेथील दुकाने व एटीएम यांनी असा रूपांतराचा देकार देताना, आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराहून किती टक्के अधिक आहे हे ग्राहकास आधी दाखविले पाहिजे. हा नियम मुख्यतः संघातील चलनांपुरता केलेला असल्यामुळे भारतीय प्रवाशाने त्यावर विसंबून राहू नये. त्याच्यासाठी एकच गोष्ट पुरेशी आहे: ज्या देशात खरेदी, त्या देशाचे चलन निवडावे. पावतीवर रुपयांचा आकडा छापून आला, तर सही करण्यापूर्वी वा गुप्त अंक दाबण्यापूर्वी तो व्यवहार रद्द करून पुन्हा करावयास सांगण्यास संकोच करू नये.

घरी बसून परदेशी संकेतस्थळावर खरेदी करतानाही हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. किंमत रुपयांत लिहिलेली असते, पण पैसे घेणारी कंपनी सिंगापूर किंवा आयर्लंडमध्ये नोंदलेली असते. मग पासबुकात बँकेच्या शुल्काची आणि कराची लहानशी ओळ उमटते. मासिक वर्गणीच्या सेवांच्या बाबतीत ती दर महिन्यास उमटते.

रोख रकमेचा आकार

परदेशातील एटीएममधून नोटा काढणे ही सर्वांत खर्चाची वाट होय. तेथे मार्क-अप तर लागतोच, शिवाय बँक दर वेळी एक ठराविक आकार घेते. आणखी एटीएम ज्या परदेशी बँकेचे आहे ती आपला वेगळा आकार लावू शकते. ठराविक आकार रकमेवर अवलंबून नसतो. वीस युरो काढले काय आणि दोनशे काढले काय, तो तेवढाच. युरोचा दर १०० रुपये आणि आपल्या बँकेचा आकार १२५ रुपये अधिक कर, म्हणजे १४७ रुपये ५० पैसे धरला, तर शंभर युरो एकदाच काढल्यास मार्क-अप व करासह १०,५६० रुपये ५० पैसे जातात. तेच वीस-वीस करून पाच वेळा काढल्यास ११,१५० रुपये ५० पैसे. थोडेथोडे काढण्याची काटकसरी सवय येथे अंगाशी येते. अनेक बँका परदेशी एटीएमवर केवळ शिल्लक पाहिल्याबद्दल, तसेच शिल्लक अपुरी असल्याने व्यवहार फसल्याबद्दलही आकार घेतात. शिल्लक पाहावयाची असेल तर ती बँकेच्या मोबाइल सेवेवर पाहावी.

शिक्षणासाठी गेलेला मुलगा

या सर्व टक्क्यांचा खरा भार दीर्घ मुक्कामाला असलेल्यांवर पडतो. जर्मनीचे उदाहरण घेता येईल. तेथे शिकण्यासाठी प्रवेश-परवाना मिळविताना वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षास ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो झाली. बहुसंख्य विद्यार्थी ती एका बंदिस्त खात्यात आधीच भरतात आणि तेथून दरमहा ठरलेला हप्ता त्यांच्या जर्मनीतील चालू खात्यात येतो.

समजा, एखादा विद्यार्थी जर्मन खात्याकडे दुर्लक्ष करून वडिलांच्या गावच्या शाखेतील खात्याचे डेबिट कार्डच वापरीत राहिला. कार्ड सोयीचे आहे, वडील खात्यात पैसे भरतात, मुलगा तिकडे खर्च करतो. महिना ९९२ युरो, युरोचा दर १०० रुपये धरल्यास ९९,२०० रुपये. साडेतीन टक्के मार्क-अप ३,४७२ रुपये, त्यावरील कर ६२४ रुपये ९६ पैसे. दरमहा ४,०९६ रुपये ९६ पैसे. वर्षाचे ४९,१६३ रुपये ५२ पैसे. यात एटीएमचा आकार धरलेला नाही. हे पैसे बहुधा जमीन तारण ठेवून काढलेल्या शैक्षणिक कर्जातून जात असतात, आणि त्या ४९ हजारांवरही व्याज चढते. एका खरेदीवरील तीन-चारशे रुपयांकडे दुर्लक्ष करता येते. पण वर्षाला अर्धा लाख म्हणजे कित्येक कुटुंबांचे एका हंगामाचे बी-बियाणे व खत होय.

गावच्या शाखेने बँकेमार्फत थेट परदेशी खात्यात पैसे पाठविले तरी बँक आपला विक्रीचा दर लावते आणि पाठवणीचा आकार घेते, म्हणजे तेथेही बट्टा आहेच. मात्र मोठी रक्कम एकदम पाठविताना दराबाबत शाखेशी बोलता येते, दोन बँकांचे भाव ताडून पाहता येतात. कार्डावर तसे करता येत नाही. यासाठी भारतीय डेबिट कार्ड पहिले काही आठवडे आणि पुढे अडीअडचणीस, एवढ्यापुरतेच ठेवणे शहाणपणाचे ठरते.

थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी आगाऊ भरावयाचे चलन-कार्ड हा आणखी एक मार्ग आहे. त्यात रुपये देऊन आधीच डॉलर अथवा युरो भरून ठेवतात, त्यामुळे दर निघतानाच कळतो. भरलेल्या चलनातच खर्च केला तर मार्क-अप लागत नाही. युरो भरलेल्या कार्डावर स्विस फ्रँकमध्ये खर्च केला तर मात्र दोन चलनांतील बदलाचे शुल्क लागते. उरलेली रक्कम परत रुपयांत करतानाही थोडे नुकसान होते.

दोन तारखा, दोन दर

काही तक्रारी शुल्काच्या नसून तारखांच्या असतात. कार्ड यंत्राला लावले त्या दिवशी बँक अंदाजी दराने रक्कम अडकवून ठेवते. दुकानदाराकडून पक्का हिशेब यावयास दोन-चार दिवस लागतात आणि अंतिम दर सामान्यतः तो हिशेब कार्ड-संस्थेकडे पोचेल त्या दिवसाचा असतो. दरम्यान रुपया घसरला तर आणखी काही रुपये वजा होतात, वधारला तर काही परत येतात. आठवड्यानंतरची ती गूढ वजावट बहुधा हीच असते. हॉटेले आणि भाड्याच्या मोटारी देणाऱ्या कंपन्या तर बिलापेक्षा मोठी रक्कम अनामतीदाखल अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती केवळ मर्यादेतून कमी होते. डेबिट कार्डावर मात्र खात्यातील खरे पैसे अडकतात, आणि मोजके पैसे घेऊन निघालेल्या प्रवाशाची त्यामुळे अडचण होते.

माल परत केला तर पावतीवरील शंभर डॉलर पुरे परत मिळतात, पण रुपयांत तेवढेच येतील असे नाही. परतीच्या दिवसाचा दर निराळा असतो, आणि मूळ खरेदीवर घेतलेले शुल्क बहुतेक बँका परत करीत नाहीत.

कर आणि मर्यादा

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या काळात परदेशप्रवासासाठी चार डॉलर मिळविणेही दुरापास्त होते. त्याची जागा घेणारा १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून अमलात आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली, तेव्हा निवासी व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलरची मुभा होती. २०१५ पासून ती आर्थिक वर्षास अडीच लाख डॉलर आहे. डेबिट कार्डाने परदेशात केलेला खर्च या मर्यादेत मोजला जातो. वर्षभरातील अशी एकूण रक्कम १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यासच बँक उगमस्थानी कर वसूल करते. त्यापूर्वी ही सीमा ७ लाख रुपये होती. हा कर बँकेचे शुल्क नव्हे. तो खातेदाराच्या नावे जमा राहतो आणि आयकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट अथवा परतावा मागता येतो. ज्यांना विवरणपत्र भरण्याची सवय नाही त्यांचे हे पैसे विनाकारण सरकारजमा पडून राहतात.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड प्रथम केवळ देशांतर्गत वापरासाठी खुले असते. परदेशी व्यवहार खातेदाराने स्वतः सुरू करावयाचे असतात, व त्यांची दैनंदिन मर्यादाही तोच ठरवू शकतो. प्रवासास निघताना ते सुरू करावेत आणि परतल्यावर बंद करावेत. परदेशी संकेतस्थळे अनेकदा ओटीपी विचारीत नाहीत, त्यामुळे उघडे राहिलेले कार्ड चोराच्या हाती सापडल्यास मोठे नुकसान होऊ शकते. आपण न केलेला व्यवहार पासबुकात दिसला तर तो तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळवावा. दोष बँकेचा वा खातेदाराचा नसून अन्यत्र असेल, तर २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे अशा खातेदारावर त्या नुकसानीचा भार पडत नाही. विलंब झाल्यास भार वाढत जातो.

शुल्काचे दरपत्रक शाखेत मागावे. बँकेच्या संकेतस्थळावरही ते असते. त्यात चार आकडे पाहावेत: परकी चलनातील खरेदीवरील मार्क-अप, परदेशी दुकानदाराशी रुपयांत झालेल्या व्यवहाराचे शुल्क, परदेशी एटीएमचा आकार, आणि शिल्लक पाहण्याचा आकार. छापील दरापेक्षा अधिक कपात झालेली आढळल्यास पावती, पासबुकातील नोंद आणि दरपत्रक जोडून शाखेकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी देशभर एकच एकात्मिक योजना आहे. तक्रारीस शुल्क नाही, वकिलाची आवश्यकता नाही आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. जो आकार दरपत्रकात आधीच जाहीर होता तो केवळ जड वाटतो म्हणून लोकपाल परत करवून देत नाही. दुकानात चुकून रुपये निवडल्याने झालेले नुकसानही भरून मिळत नाही. न दर्शविलेला आकार, दोनदा झालेली कपात आणि रद्द होऊनही परत न आलेली रक्कम, या तक्रारी मात्र अवश्य कराव्यात. त्यासाठी परदेशातील पावत्या अंतिम नोंद पासबुकात येईपर्यंत तरी जपून ठेवाव्यात. पुष्कळ यंत्रांच्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून त्यांचे छायाचित्र काढून ठेवणे इष्ट.